अतींद्रिय दाव्याची चाचणी आणि तिची पूर्वतयारी

जमिनीखालचे पाणी हातातील फांदीच्या हालचालीवरून ओळखणे, समोरच्या माणसाच्या शरीरातील आजार नुसत्या नजरेने सांगणे, जन्मपत्रिका पाहून बुद्धिमत्ता ठरवणे किंवा दुसऱ्याच्या मनातील विचार जाणणे, अशा ज्या क्षमता ज्ञात इंद्रियांच्या आणि ज्ञात भौतिक कारणांच्या पलीकडच्या मानल्या जातात, त्यांना अतींद्रिय क्षमता असे म्हणतात. अशी क्षमता आपल्याजवळ आहे असे सांगणाऱ्या व्यक्तीला, म्हणजे दावेदाराला, शास्त्रीय चाचणीसाठी पाचारण केले जाते तेव्हा लोकांच्या डोळ्यांपुढे जाहीर सभेचे चित्र उभे राहते: एका बाजूला दावेदार, दुसऱ्या बाजूला आव्हान देणारा, मध्ये बक्षिसाची रक्कम आणि तासाभरात निकाल. प्रत्यक्षात चाचणी एखाद्या दिवसात आटोपते, तिची तयारी मात्र कित्येक आठवडे, प्रसंगी महिने चालते, आणि निकालाला जी काही किंमत येते ती या तयारीतूनच येते. तयारी ढिसाळ असेल तर दावेदार यशस्वी ठरला तरी काही सिद्ध होत नाही आणि अपयशी ठरला तरी वाद मिटत नाही. त्यामुळे काटेकोर तयारीत सर्वांत जास्त हित कोणाचे असेल, तर ते आपल्या क्षमतेवर मनापासून विश्वास असणाऱ्या प्रामाणिक दावेदाराचे आहे, आणि ही गोष्ट दोन्ही बाजूंनी सुरुवातीलाच ओळखली तर पुढचे बरेचसे कटुत्व टळते.

दावेदाराने आपली क्षमता कशी काम करते हे सांगण्याची चाचणीत काहीच गरज नसते. ती सिद्धीमुळे येते, लहरींमुळे येते की एखाद्या अज्ञात ऊर्जेमुळे, हा प्रश्न नंतरचा. जे घडते असे म्हटले जाते ते खरोखर घडते काय, एवढेच चाचणी पाहते. कारण ठाऊक नसतानाही परिणाम सिद्ध होऊ शकतो, आणि विज्ञानाच्या इतिहासात तसे अनेकदा झाले आहे. दावेदार आणि परीक्षक यांच्यातील पत्रव्यवहार पुष्कळदा उपपत्तीच्या चर्चेत अडकून पडतो आणि चाचणीपर्यंत पोहोचतच नाही, म्हणून ही मर्यादा आरंभीच आखून घेणे सोयीचे ठरते.

पहिले आणि सर्वांत अवघड काम म्हणजे दावा कागदावर उतरवणे. महाराष्ट्रातील पाणाड्याचे उदाहरण घेतले तर ही अडचण नीट समजते. विहीर किंवा बोअर घेण्यापूर्वी शेतकरी पाणाड्याला बोलावतो. तो तळहातावर आडवा नारळ ठेवून, बेचक्याच्या आकाराची फांदी धरून किंवा तांब्याच्या तारा घेऊन शेतातून फिरतो, आणि नारळ उभा राहिला किंवा फांदी वळली की ती जागा दाखवतो. ‘जमिनीखालचे पाणी कळते’ हे वाक्य गावात पुरेसे असले तरी चाचणीसाठी ते निरुपयोगी आहे. पाणी वाहते असावे लागते की साचलेले चालते, किती खोलीपर्यंतचे कळते, किती प्रमाणात असावे लागते, दाखवलेल्या जागेत किती फुटांची चूक संभवते, दिवसातून किती वेळा ही क्षमता वापरता येते, मध्ये विश्रांती किती लागते, कोणत्या गोष्टींनी अडथळा येतो, आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे शंभरपैकी किती वेळा उत्तर बरोबर येते, या सर्व प्रश्नांची उत्तरे दावेदाराने स्वतः द्यायची असतात. परीक्षकाने ती सुचवायची नसतात, कारण पुढे अपयश आले तर ‘अटी त्यांनी लादल्या’ अशी तक्रार उरता कामा नये.

पाणाड्यांच्या बाबतीत एक अधिकची अडचण भूगर्भातच आहे. महाराष्ट्राचा सुमारे चार पंचमांश भूभाग बेसाल्ट या अग्निजन्य खडकाचा आहे आणि त्यात पाणी असते ते वरच्या झिजलेल्या थरात, भेगांत आणि लाव्हाच्या एकावर एक साचलेल्या थरांच्या सांध्यांत. अशा भूभागात पुरेसे खोल खणल्यास थोडेफार पाणी अनेक ठिकाणी लागते, मग ती जागा कोणी दाखवलेली असो वा नसो. त्यामुळे ‘दाखवलेल्या शंभर जागांपैकी ऐंशी ठिकाणी पाणी लागले’ या विधानाला, त्याच परिसरात कोणतीही निवड न करता घेतलेल्या शंभर बोअरपैकी किती ठिकाणी लागले असते हा आकडा सोबत असल्याशिवाय अर्थ येत नाही. शिवाय ज्या पाणाड्याने आयुष्यभर शिवार पायाखाली घातले आहे, त्याला जमिनीचा उतार, झाडांची हिरवळ, वारुळे आणि शेजारच्या विहिरी यांवरून पुष्कळ काही कळते. वराहमिहिराच्या बृहत्संहितेत दकार्गल नावाचा एक संपूर्ण अध्याय झाडे आणि वारुळे यांसारख्या खुणांवरून भूजल शोधण्याविषयी आहे. हे ज्ञान खरे असो वा सदोष, ते निरीक्षणाचे ज्ञान आहे, अतींद्रिय नव्हे. फांदीची परीक्षा घ्यायची असेल तर जमिनीवरील या सर्व खुणा पुसल्या जातील अशी योजना करावी लागते, नाहीतर परीक्षा पाणाड्याच्या अनुभवाची होते आणि श्रेय फांदीला मिळते.

जर्मनीतील कासेल येथे १९९० साली झालेल्या चाचणीत हे नेमके साधले गेले. तेथील संशयवादी अभ्यासकांच्या संघटनेने सुमारे तीस पाणी शोधणाऱ्यांना एकत्र आणले आणि एका सपाट मैदानात ५० सेंटिमीटर खोलीवर प्लॅस्टिकचे नळ पुरले. नळ कुठे आहे हे गुप्त ठेवलेच नव्हते. जमिनीवर रंगीत पट्टी आखून ते उघड दाखवलेले होते. गुप्त होते ते एवढेच की दिलेल्या क्षणी त्या नळातून पाणी वाहते आहे की नाही, आणि ते झडपेच्या साहाय्याने ठरवता येत होते. या एका निर्णयाने खडकाचा, उताराचा, हिरवळीचा आणि शेजारच्या विहिरीचा प्रश्न एकदम निकालात निघाला. चाचणी तीन दिवस चालली. ती सुरू होण्यापूर्वी सर्व सहभागींनी, ही पद्धत न्याय्य आहे आणि आपल्याला पूर्ण यशाची अपेक्षा आहे, असे लिहून सही केली होती. निकाल योगायोगाने जितका आला असता तितकाच आला. या चाचणीचे मोल तिच्या निकालाइतकेच त्या सह्यांत आहे, कारण अपयशानंतर पुढे येणाऱ्या कारणांची आणि पूर्वी दिलेल्या संमतीची तुलना त्यामुळे कोणालाही करता येते.

योगायोगाने किती यश मिळते हे आधी ठरवणे हा तयारीचा गणिती भाग आहे. समजा दहा झाकलेल्या पेट्यांपैकी एकीत पाण्याची बाटली आहे आणि दावेदाराने ती पेटी ओळखायची आहे. असे दहा फेरे घेतले तर नुसता अंदाज करणाऱ्यालाही सरासरीने एकदा यश येते. पाच किंवा अधिक फेऱ्यांत यश येण्याची शक्यता मात्र सुमारे सहाशेत एक इतकी कमी होते. आता जो दावेदार दहापैकी दहा वेळा बरोबर येण्याची खात्री देतो, त्याच्यासाठी यशाची सीमा पाचावर ठेवली तर ती त्याला अतिशय उदार ठरते. त्याची क्षमता त्याने सांगितली त्याच्या निम्मी असली तरी तो उत्तीर्ण होऊ शकतो. दावेदाराला भरपूर वाव आणि योगायोगाला जवळजवळ काहीच वाव नाही, अशी सीमा शोधणे हे चांगल्या आखणीचे लक्षण होय. फेऱ्यांची संख्याही आधीच निश्चित व्हावी लागते. नाणे उडवत राहिल्यास कधी छापा पुढे जातो, कधी काटा. दावेदार पुढे असताना थांबण्याची किंवा मागे असताना आणखी फेरे मागण्याची मुभा ठेवली तर योगायोगालाच क्षमतेचे रूप येते.

ही सीमा आखताना संख्या फार लहान ठेवली की काय होते हे नताशा डेमकिना या रशियन तरुणीच्या २००४ साली न्यूयॉर्कमध्ये झालेल्या चाचणीत दिसले. माणसाच्या शरीराच्या आतले दिसते असा तिचा दावा होता. सात स्वयंसेवक तिच्यापुढे बसवले गेले आणि त्यांच्या शारीरिक स्थितीची वर्णने असलेली सात पत्रके त्यांच्याशी जुळवायची होती. सातांपैकी पाच जुळली तर पुढची, अधिक काटेकोर चाचणी घ्यायची असे आधी ठरले होते. तिची चार जुळली. नियमाप्रमाणे ती अनुत्तीर्ण ठरली. परंतु केवळ अंदाजाने चार किंवा अधिक जुळण्याची शक्यता दोन टक्क्यांहूनही कमी असल्याने तिच्या बाजूने बोलणाऱ्यांना आधार मिळाला, आणि नोबेल पारितोषिक विजेते भौतिकशास्त्रज्ञ ब्रायन जोसेफसन यांनीही चाचणीच्या आखणीवर टीका केली. परीक्षकांनी आधी ठरलेल्या सीमेला चिकटून राहणे योग्यच होते, कारण निकाल पाहून सीमा हलवली की चाचणीच उरत नाही. तरीही एकाच माणसावर सारा निर्णय लटकावा इतकी संख्या लहान ठेवणे आणि स्वयंसेवक तिच्या नजरेसमोर बसलेले असल्यामुळे त्यांच्या वयाचे, हालचालींचे धागेदोरे मोकळे सोडणे, हे तयारीतील दोष होते, आणि ते मान्य करायला हवेत.

महाराष्ट्रात या प्रकारचे सर्वांत महत्त्वाचे काम पुण्यात झाले. खगोलशास्त्रज्ञ जयंत नारळीकर, पुणे विद्यापीठातील संख्याशास्त्राचे प्राध्यापक सुधाकर कुंटे, महाराष्ट्र अंधश्रद्धा निर्मूलन समितीचे नरेंद्र दाभोलकर आणि फलज्योतिषाचा आतून अभ्यास असलेले प्रकाश घाटपांडे या चौघांनी २००८ साली ज्योतिषांना एका चाचणीचे आवाहन केले आणि तिचा अहवाल २००९ मध्ये ‘करंट सायन्स’ या नियतकालिकात प्रसिद्ध केला. एक संख्याशास्त्रज्ञ, एक ज्योतिषाचा जाणकार, एक खगोलशास्त्रज्ञ आणि एक कार्यकर्ता अशी ही जुळणी होती. दाव्याची भाषा समजणारा माणूस नसेल तर दावा चुकीचा मांडला जातो, आणि संख्याशास्त्रज्ञ नसेल तर निकालाचा अर्थ लावता येत नाही.

त्यांनी निवडलेला प्रश्नही विचार करण्याजोगा आहे. लग्न कसे होईल, स्वभाव कसा असेल, भाग्योदय कधी होईल या प्रश्नांची उत्तरे इतकी सैल असतात की ती चूक ठरवणेच अवघड जाते. या गटाने त्याऐवजी जन्मपत्रिकेवरून बुद्धिमत्ता कळते का, हा एकच प्रश्न घेतला, आणि तोही दोन टोकांपुरता मर्यादित ठेवला: १०० मुले शाळेत अतिशय हुशार म्हणून ओळखलेली आणि १०० मुले बौद्धिक अक्षमता असलेली. मधली मुले घेतली असती तर ‘हा मुलगा हुशारच आहे, फक्त अभ्यास करत नाही’ अशा स्वरूपाचे वाद संपले नसते. समितीच्या कार्यकर्त्यांनी शाळांमधून जन्माची तारीख, वेळ आणि ठिकाण गोळा केले. त्यावरून संगणकाच्या साहाय्याने २०० पत्रिका तयार झाल्या. प्रत्येक पत्रिकेला संकेतांक दिला गेला, आणि कोणता संकेतांक कोणत्या गटातला याची नोंद अशी बंदिस्त ठेवली गेली की ती ना ज्योतिषांना ठाऊक होती, ना त्यांच्याशी संपर्क ठेवणाऱ्या परीक्षकांना.

सहभागी होणाऱ्या प्रत्येक ज्योतिषाला या दोनशेंतून यादृच्छिक पद्धतीने, म्हणजे कोणाच्याही मर्जीवर न सोपवता केवळ संधीवर आधारलेल्या निवडीने, काढलेल्या ४० पत्रिका मिळणार होत्या आणि प्रत्येक पत्रिका कोणत्या गटातली हे त्याने सांगायचे होते. यशाची सीमा ४० पैकी २८ ठेवली होती. अंदाजाने सरासरी २० उत्तरे बरोबर येतात. २८ किंवा अधिक येण्याची शक्यता सुमारे १२० मध्ये एक आहे. ज्योतिषांच्या वर्तुळातून या चाचणीवर बहिष्काराची भाषाही झाली, तरी ५१ जणांनी पत्रिका मागवल्या आणि त्यांपैकी २७ जणांनी उत्तरे पाठवली. सर्वाधिक गुण २४ आले आणि एकूण यश सुमारे ४६ टक्के, म्हणजे नाणे उडवून मिळते त्याच्या जवळपास राहिले. एका ज्योतिष संस्थेने सर्व २०० पत्रिका तपासण्याची तयारी दाखवली. तिची १०२ उत्तरे बरोबर आली.

या आकड्यांकडे थोडे थांबून पाहिले की तयारीविषयी आणखी दोन गोष्टी लक्षात येतात. अंदाज करणाऱ्या २७ जणांतही एखादा नशीबवान निघतोच. त्यांच्यातील सर्वोत्तमाला २५ किंवा २६ गुण मिळाले असते तरी त्यात नवल नव्हते, म्हणून २४ हा आकडा कोणाच्या कौशल्याचा पुरावा होत नाही. याच हिशेबाने २७ जणांपैकी निदान एक जण केवळ योगायोगाने २८ गाठण्याची शक्यता जवळजवळ पाचात एक इतकी होते. एका माणसासाठी कडक असलेली सीमा मोठ्या गटासाठी पुरेशी कडक राहत नाही, आणि म्हणूनच अनेक दावेदारांची चाचणी एकदम घेताना पहिल्या फेरीतील यशस्वी व्यक्तीची नव्या पत्रिकांवर दुसरी फेरी होईल असे आधीच लिहून ठेवावे लागते. दुसरी गोष्ट उत्तरे न पाठवणाऱ्यांची. टपालाने घेतलेल्या चाचणीत मध्येच माघार घेणे सोपे असते. ज्यांनी ती पाठवली नाहीत त्यांना अपयशी म्हणणे अन्यायाचे आहे, पण त्यांच्याकडे खरी क्षमता होती असे मानण्यासही आधार नाही. अशा वेळी ठरलेल्या दिवशी सर्वांना एका ठिकाणी बसवून चाचणी घेण्याची पद्धत अधिक निर्णायक ठरते, मात्र तिला खर्च आणि मनुष्यबळ लागते.

पुण्यातील चाचणीत संकेतांक सर्वांपासून बंदिस्त ठेवण्याचा जो आग्रह होता, त्याला ‘दुहेरी अंध पद्धत’ म्हणतात. दावेदाराला आणि त्याच्याशी व्यवहार करणाऱ्या परीक्षकालाही बरोबर उत्तर माहीत नसणे, हा तिचा गाभा. तिची गरज बर्लिनमधील हान्स नावाच्या घोड्याने जगाला शिकवली. त्याचा मालक विल्हेल्म फॉन ओस्टेन याने विचारलेल्या गणिताचे उत्तर हा घोडा खुराने तेवढ्या टापा मारून देत असे, आणि १९०४ साली नेमलेल्या जाणकारांच्या समितीला त्यात कोणतीही लबाडी आढळली नाही. लबाडी नव्हतीच. मानसशास्त्राचे अभ्यासक ओस्कार फुंग्स्ट यांनी पुढे चिकाटीने प्रयोग केले तेव्हा दिसले की प्रश्न विचारणाऱ्यालाच उत्तर माहीत नसेल किंवा घोड्याला तो दिसत नसेल तर हान्सचे उत्तर चुकते. टापांची संख्या बरोबर उत्तरापाशी आली की विचारणाऱ्याच्या मानेत आणि चेहऱ्यात नकळत सूक्ष्म बदल होत असे आणि घोडा तो टिपत असे. माणसे घोड्यापेक्षा कमी चाणाक्ष नसतात. उत्तर जाणणारी एकही व्यक्ती दावेदाराच्या दृष्टीच्या किंवा श्रवणाच्या टप्प्यात नसावी, हा नियम म्हणूनच कोणावरही अविश्वास न दाखवता पाळता येतो. तो प्रामाणिक माणसांसाठीच प्रथम लागतो.

काटेकोर चाचणीला नेहमीच मोठी यंत्रणा लागते असे नाही. अमेरिकेतील एमिली रोझा या मुलीने वयाच्या नवव्या वर्षी शाळेच्या विज्ञान प्रकल्पासाठी आखलेली चाचणी याचा उत्तम दाखला आहे. शरीराभोवतीचे ऊर्जाक्षेत्र हाताला जाणवते आणि ते ठीक करून रुग्णाला बरे करता येते, असे मानणारी एक उपचारपद्धती तेथील परिचारिकांमध्ये पसरली होती. एमिलीने एक उंच, अपारदर्शक पडदा उभा केला. त्याच्या तळाशी असलेल्या खाचांतून उपचारकाने आपले दोन्ही हात, तळवे वर करून, पलीकडे ठेवायचे; एमिली नाणे उडवायची आणि छापा-काट्याप्रमाणे उजव्या किंवा डाव्या तळव्यापासून आठ-दहा सेंटिमीटर वर आपला हात धरायची. तो हात कोणत्या बाजूला आहे, एवढेच उपचारकाने सांगायचे होते. एकवीस उपचारकांच्या २८० प्रयत्नांत १२३ उत्तरे बरोबर आली, म्हणजे ४४ टक्के. १९९८ मध्ये हा अभ्यास अमेरिकन मेडिकल असोसिएशनच्या नियतकालिकात प्रसिद्ध झाला. या चाचणीचे सौंदर्य तिने विचारलेल्या प्रश्नात आहे: ज्या ऊर्जेवर उपचार करायचे ती जाणवल्याशिवाय उपचार शक्य नाहीत, म्हणून आजार बरा होतो की नाही या गुंतागुंतीच्या प्रश्नात न शिरता, तिने ती जाणवते का एवढेच विचारले. दाव्याच्या साखळीतील सर्वांत पहिली आणि सर्वांत सोपी कडी शोधून तीच तपासणे ही कुशल परीक्षकाची खूण मानावी लागेल.

मुद्दाम केलेल्या फसवणुकीचा विचार मात्र वेगळा करावा लागतो, आणि त्यासाठी वैज्ञानिक पुरेसा पडत नाही. निसर्ग गुंतागुंतीचा असला तरी खोटे बोलत नाही. प्रयोगशाळेत आयुष्य घालवलेल्या माणसाला हातचलाखी ओळखण्याचा सराव नसतो. जेम्स रँडी या जादूगाराने हे एका वादग्रस्त प्रयोगाने दाखवून दिले. अमेरिकेतील सेंट लुईस येथे वॉशिंग्टन विद्यापीठात अतींद्रिय संशोधनासाठी एक प्रयोगशाळा सुरू झाली, तेव्हा त्याने दोन तरुण जादूगारांना १९७९ पासून तेथे दावेदार म्हणून जाऊ दिले आणि प्रयोगशाळेला फसवणूक टाळण्यासाठीच्या सूचनांची यादीही आधी पाठवली. सूचना बाजूला पडल्या. वाकवायच्या चमच्यांना दोऱ्याने कागदी चिठ्ठ्या बांधलेल्या असत. तरुणांनी चिठ्ठ्यांची अदलाबदल केली की मोजमापात ‘वाकलेला’ चमचा सहज तयार होई. १९८३ मध्ये रँडीने सर्व उघड केले. या प्रकारात संशोधकांना अंधारात ठेवले गेले यावर झालेली टीका रास्त आहे, परंतु त्यानंतर जादूगाराचा सल्ला न घेता अशा चाचण्या आखणे कोणालाच समर्थनीय राहिले नाही. चमच्यावर पुसता न येणारी खूण कोरली असती तर सारा प्रकार पहिल्याच दिवशी थांबला असता.

बक्षिसाची रक्कम ही शास्त्रीय चाचणीचा आवश्यक भाग नाही, तरी तिने अनेक दावे कागदावर यायला मदत केली आहे. श्रीलंकेतील अब्राहम कोवूर यांनी १९६३ मध्ये एक लाख रुपयांचे आव्हान दिले. रँडीचे आव्हान १९६४ साली एक हजार डॉलरपासून सुरू होऊन १९९६ मध्ये दहा लाख डॉलरपर्यंत गेले आणि २०१५ मध्ये बंद झाले. हजाराहून अधिक अर्जदारांपैकी कोणीही प्राथमिक फेरी ओलांडली नाही. महाराष्ट्र अंधश्रद्धा निर्मूलन समितीचे आव्हान २१ लाख रुपयांचे आहे. या आव्हानांच्या अटींतील एक कलम सर्वांत महत्त्वाचे आहे: यश आणि अपयश यांचा निर्णय कोणा पंचाच्या मतावर सोपवायचा नाही, तो अटी वाचून कोणालाही स्वतः करता यावा. ‘परीक्षकांना समाधानकारक वाटेल असे प्रदर्शन’ अशी शब्दरचना ज्या करारात असेल त्यावर दावेदाराने सही करू नये, हे दावेदाराच्या बाजूने ठामपणे सांगण्यासारखे आहे.

दावेदाराची स्वतःची तयारीही असते आणि तिच्याकडे फारच कमी लक्ष दिले जाते. औपचारिक अर्ज करण्यापूर्वी घरीच एखाद्या विश्वासू मित्राच्या मदतीने साध्या आंधळ्या चाचण्या करून पाहणे शक्य आहे. मित्राने दुसऱ्या खोलीत नाणे उडवून ठरवावे, पेटीत वस्तू ठेवावी किंवा ठेवू नये, आणि स्वतः निघून जावे. दावेदाराने नंतर येऊन उत्तर शाईने लिहावे आणि सर्व फेरे संपल्यावरच दोन्ही याद्या ताडून पाहाव्यात. प्रत्येक फेऱ्यानंतर उत्तर कळले तर मन आठवणींची निवड करू लागते, आणि अनेक दावेदारांचा आपल्या क्षमतेवरील विश्वास अशाच निवडलेल्या आठवणींवर उभा असतो. ही तपासणी स्वतःशी, कोणासमोर मान खाली न घालता करता येते, म्हणून तिच्यात एक माणुसकीही आहे.

चाचणीच्या दिवशी खऱ्या फेऱ्यांपूर्वी काही उघड फेरे घेण्याची पद्धत अशाच कारणाने रूढ झाली आहे. नळातून पाणी वाहते आहे हे दावेदाराला सांगून त्याला फांदी धरायला लावतात. ती वळली की त्याला विचारतात की आज, या जागी, या माणसांसमोर क्षमता नेहमीप्रमाणे काम करते आहे का, आणि उत्तर लिहून घेतात. नाही म्हटले तर चाचणी पुढे ढकलतात. हो म्हटले तर नंतर ग्रहमान, पाऊस किंवा उपस्थितांची नकारात्मकता ही कारणे फारशी टिकत नाहीत. संकेतांकाचे पाकीट मोहोरबंद करून कोणाच्याही हाती लागणार नाही पण सर्वांना दिसेल अशा ठिकाणी ठेवणेही उपयोगी असते. १९८८ मध्ये ‘नेचर’ नियतकालिकाने पाठवलेल्या तपासनिसांनी फ्रान्समधील एका प्रयोगशाळेत, पाण्याला विरघळलेल्या द्रव्याची स्मृती राहते या दाव्याची तपासणी करताना, असे पाकीट चक्क छताला चिकटवले होते.

काही दावे मात्र असे असतात की त्यांची सरळ चाचणी घेणेच गैर ठरते. सर्पदंशावर मंत्र चालतो का हे दंश झालेल्या माणसावर तपासता येत नाही; अशा रुग्णाला वैद्यकीय उपचारांपासून रोखून मंत्रोपचार करणे हा महाराष्ट्रात २०१३ च्या जादूटोणाविरोधी कायद्याने गुन्हा आहे. अन्नपाण्यावाचून जगण्याच्या दाव्यातही जिवाचा धोका असतो, आणि २०१० साली अहमदाबादमध्ये प्रल्हाद जानी यांच्यावर पंधरा दिवस ठेवलेल्या वैद्यकीय देखरेखीत गुळण्या आणि आंघोळ यांची मुभा राहिल्याने ती देखरेखही टीकेतून सुटली नाही. दावेदार मानसिक आजाराने त्रस्त आहे, त्याला आवाज ऐकू येतात किंवा कोणी आपले विचार चोरते असे त्याला वाटते, अशी चिन्हे पत्रव्यवहारातच दिसली तर चाचणीची तयारी थांबवून त्याच्या कुटुंबीयांशी आणि डॉक्टरांशी बोलणे हे परीक्षकाचे पहिले कर्तव्य आहे. जाहीर अपयश अशा माणसाला कोणत्या टोकाला नेईल हे सांगता येत नाही.

फेरे संपल्यावर काय करायचे हेही आधीच लिहिलेले असावे लागते. पाकीट दोन्ही बाजूंच्या साक्षीदारांसमोर उघडले जाते, उत्तरे ओळीओळीने ताडली जातात, बेरजेखाली सर्वांच्या सह्या होतात आणि चित्रीकरणासह सर्व कागदांची एक प्रत दावेदाराला मिळते. एखादा फेरा नियमांच्या भंगामुळे रद्द करायचा असेल तर तो पाकीट उघडण्यापूर्वीच रद्द करावा लागतो, नंतर नाही. आणि सीमा ओलांडली गेली, तर तो शेवट धरला जात नाही: दुसऱ्या ठिकाणी, पहिल्या गटाशी संबंध नसलेले परीक्षक, नवा जादूगार सल्लागार आणि अधिक कडक सीमा घेऊन तीच कार्यपद्धती पुन्हा राबवली जाते, आणि त्यासाठी पहिल्या चाचणीचे सर्व मूळ कागद, रद्द झालेल्या फेऱ्यांसह, त्या नव्या गटाच्या हवाली केले जातात.